ओल, मूळ आकारात

आमच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीवर ओल आहे हे मला चौदा महिने माहीत होतं. ती सुंदर आहे हे मात्र एका मंगळवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता कळलं. तिथून पुढे जे काही झालं त्याला मी जबाबदार नाही, असं माझं अजूनही म्हणणं आहे. बायकोचं म्हणणं वेगळं आहे. ते पुढे येईलच; तिचं म्हणणं कुठेही येतंच.

रंगीत पेन्सिलींच्या वर्गाला मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून जातो. मला राग येतो, असं त्यांचं निदान आहे. मला राग वगैरे काही येत नाही. लोक चुकीचं वागतात आणि मी ते जरा मोठ्या आवाजात त्यांच्या लक्षात आणून देतो, इतकंच. पण रक्तदाबाच्या यंत्राला हा फरक कळत नाही. म्हणून दर शनिवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, अठ्ठेचाळीस पेन्सिलींचा डबा मांडीवर घेऊन मी शांत बसतो. आमच्या बाई असतील सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या. त्या मला 'काका' म्हणतात. माझे केस अजून बऱ्यापैकी जागेवर आहेत, पण जाऊ दे.

"काका, प्रेरणा शोधायला लांब जायचं नाही," बाई म्हणाल्या. "रोजच्या जगण्यात बघायचं. एकच विषय घ्या, सहा आठवडे त्याच्यामागे लागा. शेवटच्या रविवारी इथेच प्रदर्शन."

मी बघू लागलो. आधी चहाचा कप काढला. बायको म्हणाली, "हेल्मेट छान आलंय." मग चपला काढल्या, दोन्ही डाव्या पायाच्या झाल्या. मग ठरवलं, जिवंत माणूस काढू, आणि मटार सोलत बसलेल्या बायकोसमोर कागद घेऊन बसलो. दोन मिनिटं झाली असतील नसतील. "बघत काय बसलाय? हात चालवा की," असं म्हणून तिने अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सारल्या. त्या संध्याकाळी माझ्या हातून झालेली एकमेव निर्मिती म्हणजे वाटीभर मटार.

मी विषय शोधतोय ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सूर्यास्त काढा. सूर्यास्तात चुकलं तरी कुणाला कळत नाही." सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आपली इमारतच काढा ना. फक्त रंग उडालेला दाखवू नका." सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही शाळा सुटल्यापासून हातात पेन्सिल धरलेली नव्हती.

आणि मग तो मंगळवार. ऑफिसातून आलो, पलंगावर बसून एक मोजा काढला, आणि समोरच्या इमारतीच्या काचेवरून परतलेलं ऊन नेमकं त्या ओलीवर पडलं. मी दुसरा मोजा काढायचा विसरलो. वर छताशी चॉकलेटी, खाली येता येता विटकरी, मग गवती, मग एक फिकट जांभळट कड. मधे मधे रंगाचे पोपडे सुटलेले आणि प्रत्येक पोपड्याखाली त्याची स्वतःची बारीकशी सावली. चौदा महिने मी या भिंतीकडे फक्त संतापाने बघत होतो. संतापाने बघितलं की रंग दिसत नाहीत, हे डॉक्टरांनी मला सांगायला हवं होतं.

ओलीबद्दल थोडं सांगतो. आमच्या बरोबर वर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळी इमारत त्यांना 'सर' म्हणते आणि थोडी घाबरते. त्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या भिंतीत उतरतं, असं आमचं म्हणणं. "पाणी कुठून येतं हे पाण्यालाच ठाऊक," असं सरांचं म्हणणं. ते चौदा महिन्यांत एकदाही खाली बघायला आले नव्हते. त्या दमट वासाने बायकोला शिंका सुरू होतात, म्हणून ती वर्षभर हॉलमधल्या दिवाणावर झोपत होती. तिने सोसायटीला अकरा अर्ज केले. सेक्रेटरींनी अकराही अर्जांवर एकच शेरा मारला: 'पुरावा जोडा.' तिने फोटो जोडले. "हल्ली फोटोत काहीही दाखवता येतं," म्हणून सेक्रेटरींनी ते परत केले. यात मला काही बोलायला जागा नव्हती. मी विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात आहे आणि 'पुरावा जोडा' हे शब्द दिवसातून चाळीस वेळा स्वतःच लिहितो.

तर बुधवारी मी भिंतीसमोर स्टूल टाकलं, हातात फूटपट्टी घेतली आणि बसलो. ओल मूळ आकारातच काढायची असं मी ठरवलं होतं. लहान करून काढणं मला तिचा अपमान वाटला. चार मोठे कागद जोडले. बायको दारात आली. मी भिंत मोजतोय, कागदावर खुणा करतोय, त्याखाली तारीख घालतोय, हे तिने पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका.

"अहो," ती म्हणाली, "शेवटी घेतलंत मनावर."

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण तिने लगेच चहा आणला, नुसता नाही, आलं घालून. नंतर ती शेजारच्या काकूंना सांगताना मी ऐकलं, "हे आता रोज दोन तास बसतात हो त्या भिंतीपाशी. माझ्या शिंका बघवत नाहीत त्यांना." अशा वेळी माणसाने काय करावं? मी पेन्सिलीला टोक केलं.

ओल हा विषय वाटतो तितका सोपा नाही. कप निदान एका जागी बसतो. ही बया रोज हलायची. सोमवारी बघावं तर डावीकडे दोन बोटं पुढे. गुरुवारी बघावं तर आणखी दोन. मी संतापून रोज नवी कड आखायचो आणि तारीख टाकायचो, म्हणजे कुठवर येऊन हिने मला फसवलं ते लक्षात राहावं. विषय वाढला की कागद वाढवायचा, असं करत चाराचे सहा कागद झाले. डब्यातल्या तपकिरी पेन्सिली झिजून नखाएवढ्या उरल्या. त्या मी जुन्या पेनच्या टोपणात खोचून वापरत होतो. बाईंना अर्धवट चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा बघितलं. मग म्हणाल्या, "काका, थांबू नका." पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला हे कुणी म्हटलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात बायकोने माझ्या अपरोक्ष सेक्रेटरींना घरी आणलं. माझं चित्र बघून ते चाट पडले. अर्थात रंगांमुळे नव्हे, तारखांमुळे. "अहो, ही तर सोमवारी आणि गुरुवारीच वाढते," ते बोट फिरवत म्हणाले. सर दर रविवारी आणि बुधवारी बादल्यांवर बादल्या ओतून बाथरूम घासतात, हे इमारतीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्या खराट्याचा आवाज तळमजल्यापर्यंत येतो. फोटोत काहीही दाखवता येतं, पण रोज बसून हाताने इतकं खोटं काढण्याइतका रिकामटेकडा माणूस नसतो, असा निष्कर्ष समितीने काढला. याला पुरावा म्हणतात.

समितीच्या बैठकीत माझं चित्र टेबलावर पसरलं. अजून बहुतेक रेघाच होत्या, रंग फक्त उजव्या कोपऱ्यात. सरांनी खिशातून लाल पेन काढलं आणि ते कागदाच्या काठाकाठाने, काही न लिहिता, उत्तरपत्रिका तपासावी तसं फिरवलं. "रेघेत हात कापतो तुमचा," ते म्हणाले. "पण तारखा व्यवस्थित आहेत. दहापैकी साडेसहा." साडेसहा! माझ्या वयाच्या माणसाला चारचौघांत साडेसहा! निर्णय मात्र आमच्या बाजूने लागला. पुढच्या गुरुवारी प्लंबर येणार, सरांचं बाथरूम फोडणार, पाइप बदलणार. बायकोने जिन्यातच माझा हात घट्ट धरला. तिने मनातल्या मनात भिंतीचा रंगही ठरवला होता.

आणि मी बोटांवर दिवस मोजले. प्रदर्शन गुरुवारनंतर दहा दिवसांनी होतं. डावीकडची जांभळट कड, जी अख्ख्या चित्राचा जीव होती, अजून कोरी होती. पाइप बदलला की भिंत सुकणार, आणि सुकली की ती कड गेलीच म्हणून समजा. दोन दिवस मी ऑफिसात लोकांचे दावे न वाचता मंजूर केले. शेवटी बुधवारी संध्याकाळी, बायको भाजी आणायला गेल्याचं बघून, मी वर गेलो आणि सरांची बेल वाजवली.

"सर, एक विनंती होती," मी म्हणालो. "अजून दहा दिवस गळू द्या."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "चौदा महिने तुमच्या घरातून अर्ज येतायत की गळती थांबवा," ते म्हणाले. "आता तुम्ही म्हणताय, गळू द्या?"

"फक्त दहा दिवस. जमलं तर बुधवारच्या दोन बादल्या जास्तच."

मी त्यांना चित्राचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग कागद पुढे केला आणि म्हणाले, "लेखी द्या. मी सांगतो, तुम्ही लिहा." आणि मी, तीन माणसांचा साहेब, गुडघ्यावर कागद घेऊन लिहू लागलो: 'माझ्या खोलीतील ओलीबद्दल माझी आता कोणतीही तक्रार नाही.' मी म्हटलं, त्यात दहा दिवसांचं घालू या. सर म्हणाले, "अटी घातलेलं पत्र समिती घेत नाही." मी सही केली. आमच्या खात्यात असं पत्र लिहून देणारा कुणी आला तर आम्ही त्याला खुर्ची देतो, पाणी देतो, आणि तो गेल्यावर तासभर हसतो. हे मला ठाऊक होतं. तरी केली. त्या जांभळ्या कडेने माझी अक्कल गहाण ठेवली होती.

गुरुवारी प्लंबर आलाच नाही. बायकोने दिवसभर वाट पाहिली, पलंगावर जुन्या चादरी टाकून ठेवल्या. संध्याकाळी ती चौकशी करायला खाली गेली ती पाचच मिनिटांत परत आली. आरडाओरडा काही केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. त्यात मला अनुभव आहे.

"खाली फळ्यावर एक कागद लागलाय," ती म्हणाली. "त्याच्यावर तुमची सही आहे. कुणी खोटी केलीय का हो?"

"नाही," मी म्हणालो. "माझीच आहे."

ती पलंगावर, त्या जुन्या चादरींवर बसली. "चित्रासाठी?"

"हो."

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी बसताय."

मला तेव्हा जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी तडक सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, फाइल बंद झाली, आता नवीन अर्ज, आणि तोही तीन महिन्यांनी. मी म्हटलं, माझंच पत्र मी परत घेतो. ते म्हणाले, आलेलं पत्र सोसायटीच्या मालकीचं असतं. मी मोठ्या आवाजात काही गोष्टी त्यांच्या लक्षात आणून दिल्या. त्यांनी दार लावून घेतलं. सरांकडे गेलो. ते म्हणाले, "शब्द फिरवणं शिस्तीत बसत नाही." घरी येऊन मी ते सहा कागद भिंतीवरून उतरवले आणि फाडायला हात घातला.

"खबरदार!" बायको दारातून ओरडली. मघापासून तिने माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. "त्या चित्रापायी माझी भिंत गेली. आता निदान चित्र तरी धड होऊ दे. ठेवा ते खाली."

मी ठेवलं. ती पहिल्यांदाच त्याच्या जवळ आली. एकदा कागदाकडे, एकदा भिंतीकडे, असं बघत राहिली. तीन वेळा शिंकली. मग बोट ठेवून म्हणाली, "हे चुकलंय. इथे गवती नाही, शेवाळी आहे. आणि हा पोपडा खालून सुटलाय, वरून नाही. चौदा महिने बघतेय मी."

मी बघितलं. तिचं बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं. पुढचे आठ दिवस ती नाकाला रुमाल बांधून माझ्याशेजारी बसली आणि मी रंग भरला. "गडद करा. अजून. बास. त्या भेगेला घाई करू नका." अशी कडक बाई मला वर्गातही मिळाली नव्हती. ती अजून हॉलमध्येच झोपत होती आणि तिने मला माफ केलंय असं मुळीच नव्हतं. पण चहात आलं परत आलं होतं. जांभळी कड शेवटच्या शुक्रवारी पुरी झाली. ती तिच्या देखरेखीखाली झाली म्हणूनच झाली, हे मी इथे कबूल करतो.

शनिवारी ती कुठे तरी जाऊन आली. कुठे, ते सांगेना.

रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये सगळी फळं, फुलं आणि सूर्यास्त एका बाजूला लागले होते. माझ्या चित्रासाठी एक अख्खी भिंत दिली होती. दहा मिनिटांत वाचनालयाचा शिपाई धावत आला, "बाई, इथे केव्हापासून पाणी झिरपतंय?" म्हणाला आणि भिंतीलगतची पुस्तकांची कपाटं हलवू लागला. बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. माझी छाती फुगली; खोटं कशाला बोलू?

एवढ्यात दारात सर दिसले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला लाल पेन. बायकोने आदल्या दिवशी वर जाऊन त्यांना रीतसर आमंत्रण दिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. ते प्रत्येक सूर्यास्तासमोर थांबत थांबत आमच्या भिंतीशी आले. पेन काढलं. मग ते तसंच हातात धरून उभे राहिले. माझ्या खांद्यापासून त्यांच्या खांद्याच्याही पलीकडे गेलेली ती ओल. त्यांनी एक बोट कागदाला लावलं आणि बोट ओलं झालंय का ते बघितलं.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "एवढी आहे?"

"एवढीच," बायको म्हणाली. "फूटपट्टीने मोजून काढलीय. आता चार बोटं आणखी वाढली असेल."

"मला वाटलं होतं, असेल हातभर. बैठकीत वाटलं, मोठी करून काढलीय."

"अकरा अर्ज केले, सर."

"अर्जात 'ओल आली आहे' असं होतं," सर म्हणाले. "एवढी आली आहे असं नव्हतं." मग त्यांनी वाकून कडेची शेवटची तारीख वाचली. "आणि तुम्ही झोपता कुठे?"

"हॉलमध्ये. दिवाणावर. वर्ष झालं."

सरांनी पेन खिशात ठेवलं. "उद्या सकाळी प्लंबर येईल," ते म्हणाले. "समितीचं मी बघतो. फाइल उघडायला लावतो. बंद करायला मीच लावली होती." मला वाटलं आता ते निघतील, पण ते चित्राकडे वळले. "याला मी दहापैकी दहा देतो. आणि वहिनी, हे चित्र मला द्या. आमच्या हॉलमध्ये लावीन. शेवटी पाणी माझंच आहे ना त्यात."

मी नम्रपणे हसलो. प्रत्यक्ष सर माझं चित्र मागत होते! दहापैकी दहा! मी 'घ्या ना, सर' म्हणायला तोंड उघडलंच होतं.

"नाही मिळायचं," बायको म्हणाली.

"वहिनी, मी जपून ठेवीन."

"ती आमची ओल आहे, सर," ती म्हणाली. "दोघांनी मिळून सांभाळलीय. तुमचं फक्त पाणी."

सर हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी मात्र उगाच कागदाचा एक कोपरा सरळ करत बसलो. दोघांनी, असं ती म्हणाली होती. त्या पत्रानंतर तिने मला कशातच धरलं नव्हतं.

संध्याकाळी प्रदर्शन उतरलं. सहा कागदांची ती लांबलचक गुंडाळी तिने स्वतःच काखेत घेतली; मला हात लावू दिला नाही. मी मागून पेन्सिलींचा डबा घेऊन चाललो होतो. कोपऱ्यावर वळताना ती थांबली.

"स्वयंपाकघरातला नळ आठ महिने ठिबकतोय," ती म्हणाली. "उद्यापासून त्याच्यासमोर बसा. आणि जरा भराभर काढा, पाणी वाया जातं."